फोर-व्हील-ड्राइव्हचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट घरी कसा बदलावा

माझ्या जुन्या गाडीचा पुढचा शाफ्ट मी पहिल्यांदा उतरवला तेव्हा काम एका दुपारचं होतं, पण मला पुरे दोन दिवस लागले. नटबोल्ट सहज सुटले होते. घोटाळा झाला तो उतरवण्याआधी दोन रेघा मारायच्या राहिल्या म्हणून. साफसफाईसाठी शाफ्टचे दोन भाग वेगळे केले, जोडताना ते मूळ जागी बसले नाहीत आणि गाडीने वेग घेताच सगळा पत्रा थरथरायला लागला. परत गाडीखाली, परत आठ नट. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. ‘ड्राइव्ह शाफ्ट’ म्हटलं की कोणी डिफरन्शियलपासून (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या संचापासून) चाकापर्यंत जाणारा छोटा शाफ्ट समजतो, तर कोणी गाडीच्या पोटाखालचा लांब नळीचा. इथे लांब नळीचा, म्हणजे ट्रान्स्फर केसपासून (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीपासून) पुढच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट बदलायचा आहे. पुढे सलग हाउसिंग, म्हणजे चाकापासून चाकापर्यंत एकच ताठ अॅक्सल, असलेल्या जुन्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. त्यांच्यात या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, असतो आणि मध्ये कुठेतरी स्लिप जॉइंट, म्हणजे खाचांवर मागेपुढे सरकणारा जोड.

१. दोष शाफ्टचाच आहे का, ते आधी ठरवा

क्रॉस कोरडा पडला की कमी वेगात चिमणी चिवचिवल्यासारखा बारीक आवाज येतो, आणि तो वेगाबरोबर वाढतो. क्रॉस झिजला की पुढून मागे गिअर टाकताना ‘टक्’ होतं. क्रॉसच्या चार टोकांवरच्या वाट्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया गंजून दळल्या गेल्या आहेत असं समजा. आणि गाडीच्या तळाला शाफ्टच्या वर आडवी ग्रीसची रेघ उडालेली असेल, तर सील फाटून ग्रीस बाहेर फेकलं गेलंय.

ज्या गाड्यांना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक पुढच्या अॅक्सलला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कळा) असतात, त्यांना एक सोपी परीक्षा आहे. हब मोकळे आणि ट्रान्स्फर केसची लिव्हर टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) असेल तर पुढचा शाफ्ट फिरतच नाही. तेव्हाही थरथर येत असेल तर दोष दुसरीकडे आहे. आता हब लॉक करा, पण लिव्हर टू-एचमध्येच राहू द्या. पुढची चाकं आता शाफ्टला रिकामा फिरवतील. थरथर इथे सुरू झाली, तर शाफ्टवरचा संशय पक्का. ही परीक्षा डांबरी रस्त्यावर बिनधास्त करता येते, कारण पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेली नसतात. अशा गाड्या कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये (ताकद चारही चाकांना) मात्र चालवू नका, सगळ्या गिअरांवर उगाच ताण चढतो.

हाताने तपासताना एक फसगत होते. शाफ्ट धरून फिरवला की थोडा मागेपुढे हलतोच. ती डिफरन्शियलच्या आणि ट्रान्स्फर केसच्या दात्यांमधली मोकळीक असते. तुम्ही फक्त क्रॉसकडे बघा. एक हात क्रॉसच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि उलटसुलट पिळा. क्रॉस स्वतःच्या वाटीत जरासा जरी हलताना दिसला, तरी तो गेला. स्लिप जॉइंटला वर-खाली हलवून बघा. तिथे स्पष्ट खुळखुळ असेल तर खाचा झिजल्या आहेत.

२. नुसता क्रॉस की अख्खा शाफ्ट?

नळी सरळ आहे, खाचा घट्ट आहेत आणि फक्त क्रॉस गेलाय, तर क्रॉसच बदला. मात्र जुना क्रॉस काढायला मोठा शेगडा (व्हाइस) किंवा प्रेस लागतो, आणि हातोड्याने ठोकठोक केली तर योकची, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याची, भोकं सैल होतात. ती सैल झाली की नवा क्रॉसही टिकत नाही.

अख्खा शाफ्ट बदलायचा तो तीन कारणांनी. खाचा झिजल्या असतील, दगडावर आपटून नळीला पोचा पडला असेल, किंवा नळीवर वेल्ड केलेली बॅलन्सची पट्टी गळून पडली असेल. पोचा नुसता दिसायला वाईट नसतो, नळी तिथेच कमजोर होते. चालत्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक सुटून जमिनीला लागलं तर काय होईल, याची कल्पना करून बघा. म्हणून पोचा पडलेला शाफ्ट मी वापरत नाही आणि दुसऱ्याला वापरू देत नाही.

३. नवा शाफ्ट घेण्याआधी मोजा

एकाच मॉडेलच्या गाड्यांमध्येही गिअरबॉक्स वेगळा असेल तर शाफ्टची लांबी वेगळी असते. नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगून शाफ्ट घेऊ नका. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि तरीही स्वतः मोजा.

गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना ट्रान्स्फर केसच्या फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीच्या) तोंडापासून डिफरन्शियलच्या फ्लँजच्या तोंडापर्यंत अंतर घ्या. चॅसिसखाली जॅक लावून चाकं लोंबकळत ठेवलीत, तर हाउसिंग खाली येतं आणि माप चुकतं. इथे बरेच जण फसतात. गाडी उंच केलेली असेल, म्हणजे मोठ्या स्प्रिंगा टाकल्या असतील, तर कंपनीच्या मापाचा शाफ्ट आखूड पडू शकतो. तेव्हा तुमच्याच गाडीचं माप खरं.

शाफ्ट फार लांब असेल तर खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर स्लिप जॉइंट आत जाऊन टेकतो आणि पुढचा धक्का थेट ट्रान्स्फर केसला बसतो. फार आखूड असेल तर चाक खाली लोंबल्यावर खाचा जेमतेम टोकावर पकडून राहतात. गाडी उभी असताना स्लिप जॉइंटला आत जायला निदान २५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. खडकाळ वाटांवर जात असाल तर जास्त ठेवा.

याशिवाय फ्लँजच्या भोकांमधलं समोरासमोरचं अंतर, भोकाचा व्यास आणि फ्लँजच्या मधल्या गोल उंचवट्याचा व्यास मोजून घ्या. हा उंचवटा शाफ्टला बरोबर मध्यावर धरतो. तो सैल बसला तर चारही बोल्ट घट्ट असूनही शाफ्ट एका बाजूला झुकून फिरतो. बॅलन्स केलेला शाफ्टसुद्धा तेव्हा थरथरतो.

४. जवळ काय हवं

कागदांमध्ये तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल, निदान त्यातलं प्रॉपेलर शाफ्टचं आणि टॉर्कच्या (नट किती जोराने आवळायचा त्या) आकड्यांचं पान, चॅसिस नंबर आणि जुन्या शाफ्टचे मोबाइलवर काढलेले फोटो.

हत्यारांमध्ये मजबूत जॅक, दोन अॅक्सल स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या घोड्या, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, बोल्टच्या मापाचे दोन रिंग पाने, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन आणि सहा कोनांची गोटी. बारा कोनांची गोटी जुन्या, गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, पोलिश पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, रंगाचा मार्कर, ग्रीस गन, जाड दोरी किंवा पट्टा, डोळ्यांना चष्मा. गाडीखाली झोपून वर बघत काम करायचं आहे, गंजाचा कण डोळ्यात जातोच. चष्मा टाळू नका.

नवे बोल्ट आणि नवे नायलॉक नट आधीच आणून ठेवा. नायलॉनची कडी एकदा आट्यांवर चढली की तिची पकड कमी होते, म्हणून जुने नट परत लावायचे नाहीत. बोल्टही मूळ लांबीचे आणि मूळ दर्जाचेच घ्या. लांब बोल्ट फिरताना फ्लँजच्या मागच्या हाउसिंगला घासतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही.

आदल्या रात्री आठही नटांवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी अर्धं काम झालेलं असतं.

५. गाडी कशाच्या आधाराने थांबली आहे, ते नीट समजून घ्या

या पायरीवर घाई नको. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. पण जुन्या लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर असतो. तिथे ब्रेक शाफ्टला धरतो, चाकांना नाही. अशा गाडीचं एक मागचं चाक उचललंत तर डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलट फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलट. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून सरकते. त्यामुळे आपल्या गाडीचा हँडब्रेक कुठे बसवलाय ते खाली वाकून बघा, आणि मागची चाकं या कामात उचलूच नका.

दुसरी गोष्ट कायम चारही चाकांवर चालणाऱ्या, मधलं (पुढच्या आणि मागच्या शाफ्टमधलं) डिफरन्शियल असलेल्या गाड्यांची. पुढचा शाफ्ट निघाला की अशी गाडी नुसत्या गिअरवर थांबत नाही. मधलं डिफरन्शियल मोकळ्या टोकाकडून फिरतं आणि गाडी घसरते. गिअरचा भरवसा सोडा, ठोकळ्यांवर भरवसा ठेवा.

म्हणून क्रम असा. सपाट, टणक जमीन. दोन्ही मागच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे. हँडब्रेक ओढलेला. किल्ली काढून तुमच्या खिशात, म्हणजे तुम्ही खाली असताना कोणी गाडी चालू करणार नाही. बऱ्याच जुन्या गाड्या इतक्या उंच असतात की चारही चाकं जमिनीवर ठेवूनच खाली शिरता येतं. जमत असेल तर तसंच करा. उचलावंच लागलं तर पुढचं हाउसिंग जॅकने उचला, घोड्या हाउसिंगखाली लावा आणि गाडी घोडीवर बसल्यावर बाजूने हलवून बघा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

आणि एग्झॉस्ट थंड होऊ द्या. शाफ्ट त्याच्या जवळूनच जातो.

६. खुणा करा, मग पान्याला हात लावा

तीन जागी खुणा हव्यात. ट्रान्स्फर केसचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांवरून एक सलग रेघ. डिफरन्शियलकडे तशीच दुसरी. तिसरी स्लिप जॉइंटवर, आतल्या आणि बाहेरच्या भागावरून जाणारी. स्लिप जॉइंट कुठल्या टोकाकडे आहे आणि बोल्ट कुठल्या बाजूने आत घातलेत, त्याचेही फोटो काढा. मार्कर ग्रीसवर टिकत नाही, जागा आधी पुसून घ्या.

तिसरी रेघ का महत्त्वाची, ते सांगतो. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंनी दीड टक्क्याच्या आसपास असतो, २० अंशांना सहा टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका उलटा वागून हा फरक खोडून काढतो, पण त्यासाठी नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा ‘हूक्स जॉइंट’ म्हणून माहीत असेल. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात त्याचा अभ्यास केला, म्हणून ते नाव. खाचांवर एक-दोन घर चुकलं की दोन्ही क्रॉस एकमेकांना खोडण्याऐवजी थरथर वाढवतात. माझी चूक हीच होती.

काही गाड्यांत पुढच्या शाफ्टचे योक कंपनीनेच मुद्दाम एका रेषेत ठेवलेले नसतात. दोन्ही टोकांचे कोन वेगळे असले की तसं करतात. तेव्हा जुन्या शाफ्टचे योक एकमेकांशी कसे होते, हे फोटोवरून आणि मॅन्युअलवरून पडताळा. ‘सरळ रेषेत असायलाच हवेत’ असं धरून मूळची मांडणी सुधारायला जाऊ नका.

७. नट सैल करा

चार नटांपैकी दोनच हाताला येतात, बाकीचे वर असतात. शाफ्ट फिरवावा लागतो. लॉकिंग हब असतील तर हब मोकळे आणि लिव्हर टू-एचमध्ये ठेवा, शाफ्ट हाताने फिरतो. हब नसतील तर एक पुढचं चाक उचलून घोडीवर घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, आणि मधलं डिफरन्शियल असेल तर त्याचा लॉक काढा. मग ते चाक फिरवलं की शाफ्ट फिरेल.

सैल करताना मात्र शाफ्ट जागीच हवा. लिव्हर फोर-एचमध्ये टाका किंवा मधल्या डिफरन्शियलचा लॉक लावा. जमिनीवरची मागची चाकं शाफ्टला धरून ठेवतात. लिव्हर बसत नसेल तर शाफ्ट थोडा मागेपुढे हलवा, दाते जुळले की बसते. म्हणूनच केबिनमध्ये लिव्हर बदलायला एक माणूस असला तर खूप सोपं जातं. त्याने सांगितल्याशिवाय तुम्ही कशाला हात लावायचा नाही, आणि तुम्ही ‘हात बाहेर’ म्हटल्याशिवाय त्याने लिव्हर हलवायची नाही, एवढं आधी ठरवून घ्या. क्रॉसमध्ये पहार अडकवून शाफ्ट धरू नका, वाटीचा सील आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) दोन्ही तुटतात.

आधी आठही नट फक्त सैल करा, काढू नका. एकीकडचे पूर्ण काढून मग दुसरीकडे गेलात तर शाफ्ट लोंबकळतो आणि उरलेले नट सोडवताना तो हातात फिरतो.

फ्लँजच्या मधोमध एक मोठा नट दिसेल. त्याला हात लावू नका. डिफरन्शियलकडचा हा नट पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या) बेअरिंगवरचा ताण ठरवतो. तो सैल केला तर नुसता परत आवळून चालत नाही, तो ताण पुन्हा मोजून बसवावा लागतो.

८. शाफ्ट उतरवा

आधी मधोमध दोरी किंवा पट्टा बांधून शाफ्ट चॅसिसला टांगा. दिसतो त्यापेक्षा तो जड असतो, आणि तुम्ही त्याच्या बरोबर खाली आहात. मग डिफरन्शियलकडचे नटबोल्ट काढा आणि स्लिप जॉइंट दाबून शाफ्ट मागे सरकवा. फ्लँज गंजून चिकटला असेल तर फटीत पहार घालू नका, कडेला लाकडाचा तुकडा धरून हलके टोले द्या. ते टोक खाली आलं की ट्रान्स्फर केसकडचं सोडवा.

काही गाड्यांत डिफरन्शियलकडे फ्लँज नसतो, क्रॉसच थेट योकमध्ये पट्टीने किंवा यू-बोल्टने धरलेला असतो. तिथे पट्टी निघताच वाट्या सुटून पडतात आणि सुया मातीत विखुरतात. जुना क्रॉस परत वापरायचा असेल तर आधीच दोन्ही वाट्यांभोवती चिकटपट्टी गुंडाळा. आणि ट्रान्स्फर केसमध्ये थेट आत सरकणारा शाफ्ट असेल तर तो ओढताच तेल येईल, खाली ट्रे ठेवा.

काम अर्धवट राहिलं आणि गाडी हलवावीच लागली तर? टू-एचमध्ये चालणारी गाडी पुढच्या शाफ्टशिवाय मागच्या चाकांवर चालते. मधलं डिफरन्शियल असलेली गाडी त्याचा लॉक लावल्याशिवाय जागची हलणार नाही.

९. उघडं आहे तोवर बघून घ्या

दोन्ही फ्लँजच्या मागे ऑइल सील असतो. तिथे ओलं, तेलकट दिसत असेल तर आत्ताच ठरवा. शाफ्ट चढवल्यावर सीलसाठी हे सगळं परत करावं लागेल. फ्लँज हाताने वर-खाली हलवा. हलला तर आतलं बेअरिंग गेलंय. नवा शाफ्ट बसवून ते दुरुस्त होणार नाही. तसं आढळलं तर काम इथेच थांबवून जाणकाराला दाखवा.

१०. नवा शाफ्ट चढवा

जुना आणि नवा शेजारी ठेवून भोकं, उंचवटा, लांबी परत ताडा. नव्या शाफ्टच्या फ्लँजच्या तोंडावर रंग किंवा गंजरोधक थर असतो, तो पुसून काढा. गाडीकडचा फ्लँज तारेच्या ब्रशने आणि पोलिश पेपरने चकचकीत करा. दोन फ्लँजच्या मध्ये राहिलेला गंजाचा एक पापुद्रा शाफ्टला तिरका बसवतो.

स्लिप जॉइंट जुन्याच दिशेला ठेवून शाफ्ट टांगा, आधी ट्रान्स्फर केसकडचं टोक लावा, मग डिफरन्शियलकडचं. सगळे बोल्ट हाताने बसवा. फ्लँज सगळीकडून टेकलाय ना, हे बोट फिरवून बघा. मग समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत या. बोल्टने ओढून फ्लँज बसवायला जाऊ नका, उंचवट्याची कड वाकते. शेवटचा टॉर्क मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, आणि प्रत्येक आवळलेल्या नटावर मार्करची टिकली. वर-खाली फिरवत काम करताना एखादा नट राहून जातो, टिकली असली की लगेच कळतं.

११. ग्रीस

लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ घट्टपणाचं ग्रीस बहुतेक शाफ्टना चालतं, तरी मॅन्युअल बघा. क्रॉसमध्ये चारही वाट्यांच्या कडेने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत भरा. एका वाटीतून आलं नाही तर शाफ्ट फिरवून पुन्हा प्रयत्न करा. ती वाटी कोरडी राहिली तर आधी तीच जाईल.

स्लिप जॉइंटला उलट हात आखडता घ्या. आत ग्रीस गच्च भरलं तर दबायला जागा राहत नाही, आणि गाडी खड्ड्यात बसली की शाफ्ट लांब झाल्यासारखा ट्रान्स्फर केसला ढकलतो. दोन-तीन पंप पुरे. ट्रान्स्फर केसकडे दोन क्रॉस जोडून केलेला दुहेरी सांधा असेल, तर त्याच्या मधल्या गोळ्याला बऱ्याचदा वेगळं, आत दडलेलं निपल असतं. त्याला सुईसारखी बारीक नळी लागते. ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दुहेरी सांधे बहुतेक तिथूनच खराब होतात.

१२. चाचणी

लिव्हर टू-एच किंवा न्यूट्रलमध्ये आणून शाफ्ट एक पूर्ण फेरा हाताने फिरवा. एग्झॉस्ट, आडवा बीम, पाइप, कशालाही घासत नाही ना ते बघा. हत्यारं मोजून बाहेर काढा, दोरी सोडा, मग ठोकळे.

पहिली फेरी हब लॉक, लिव्हर टू-एच. आधी हळू, मग वेग वाढवत. थरथर नसेल तर मोकळ्या मातीवर फोर-एच टाकून थोडी ओढ देऊन बघा. थरथर आलीच, तर आधी तिसरी रेघ, म्हणजे नव्या शाफ्टच्या दोन्ही योकची मांडणी, तपासा. ती बरोबर असेल तर शाफ्ट एका टोकाकडून सोडून फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून बसवा. फ्लँजमधल्या लहानशा तिरकेपणाचा त्रास पुष्कळदा एवढ्याने जातो. तरीही राहिली तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या.

शंभरेक किलोमीटर झाले की गाडीखाली जाऊन आठही नटांना परत टॉर्क रेंच लावा. आणि गाडी कधी पाण्यातून किंवा चिखलातून गेली, तर त्याच आठवड्यात ग्रीस गन घेऊन खाली जा, आत शिरलेलं पाणी ताज्या ग्रीसने बाहेर ढकला.